परवा नक्की

सिस्टरला कशाचीही किळस येत नसे, आणि याचीच घरातल्यांना थोडी किळस येत असे. न्हाणीघरातली मोरी तुंबली की सूनबाई नाकाला रुमाल लावून दाराबाहेर उभी राहायची. सिस्टर बाही वर सरकवून जाळीत बोटं घालायची, केसांचा काळा गुंता ओढून काढायची, उजेडात धरायची आणि म्हणायची, "हे तुझेच गं. माझे आता इतके लांब कुठले?" मग साबणाने हात धुऊन तीच बोटं कणकेत. सूनबाईला त्या दिवशी जेवण जात नसे.

तिची नोकरी आख्खी पुरुषांच्या वॉर्डात गेली. पू, ओकाऱ्या, बेडपॅन, पडून पडून पाठीला झालेल्या जखमा, म्हाताऱ्यांनी कपात काढून ठेवलेले दात, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. जखम बांधून झाली की ती तिथेच टेबलाशी डबा उघडायची आणि जवळच्या खाटेवरच्या माणसाला विचारायची, "काय, घास खाणार का?" वॉर्डातलं नाव तिला असं चिकटलं की नवरा होता तोवर तोसुद्धा "सिस्टर, चहा" म्हणायचा, आणि मुलगा शाळेत आईचं नाव सांगताना एकदा अडखळला होता.

अशा बाईला म्हातारपणी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटावर बसून किळस आली. तीही अशी की पोटातलं ओठांवर आलं.

त्याला कारण तिचे चिरंजीव. आता चिरंजीव म्हणजे कोणी गुंड-मवाली असेल अशी समजूत कुणी करून घेऊ नये. फरशांच्या दुकानात हिशेब लिहिणारा, पायातली चप्पल दारात सरळ लावणारा, आईशी कधी चढ्या आवाजात न बोललेला मुलगा. व्यसन एकच. पैसा नुसता पडून राहिला की याला झोप यायची नाही. बँकेतली ठेव त्याला घुसमटल्यासारखी वाटायची. सरकारी रोखे म्हणजे म्हाताऱ्यांचं औषध आणि शेअर म्हणजे मेंढरांचा बाजार, असं त्याचं मत होतं. शहाण्या माणसाने पैसा तिथे लावावा जिथे गर्दी पोचलेली नाही, हे तो दात घासतानासुद्धा सांगायचा. फेस उडायचा.

मग सुरू झाली गर्दीपलीकडची वाटचाल. आधी एका मोठ्या चित्राच्या मालकीचा तुकडा घेतला. चित्र कुठल्यातरी गोदामात पेटीत बंद होतं, ते कुणी पाहायचं नव्हतं, नुसतं त्याचा भाव चढताना पाहायचा होता. "त्यातला कुठला कोपरा आपला?" असं सिस्टरने साधं विचारलं तर चिरंजीव रुसले. मग दारूचं पिंप. घरात कुणी थेंबाला शिवत नाही, आणि सातासमुद्रापार यांचं पिंप मुरतंय! त्यानंतर बूट. कुणा खेळाडूच्या नावाचे, खोक्यातून बाहेर काढायचे नाहीत असे बूट. ती खोकी सिस्टरच्या पलंगाखाली रचली गेली. पलंगाखालून झाडू फिरेना. चिरंजीवांच्या स्वतःच्या चपलेचा अंगठा तुटलेला, आणि आई झोपते ती नव्या कोऱ्या बुटांवर.

सिस्टर हसायची. मुलाला खेळणं हवं असतं, वय कितीही होवो, असं तिला वाटायचं. तिचे फंडाचे पैसे बँकेत होते. "आई, ते कुजतायत गं," असं तो म्हणू लागला, तेव्हा तिने एक दिवस कंटाळून सही करून दिली. कशावर केली ते वाचलं नाही. वॉर्डात लोक तिच्या सांगण्यावरून न वाचता सह्या करायचे, कारण तिच्यावर विश्वास असायचा. तोच हिशेब तिने मुलाला लावला, आणि इथे ती फसली.

त्याच सुमाराला तिला काम मिळालं. तेही मुलामुळेच. त्याचा एक सल्लागार होता. उन्हाळ्यातसुद्धा टाय लावून फिरायचा, म्हणून सिस्टर त्याला टायवाला म्हणायची. टायवाल्याच्या कंपनीला एक निवृत्त नर्स हवी होती. काम काय, तर एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांना फोन करायचा आणि तब्येत विचारायची. कामाचं नाव 'मायेचा फोन'. "कंपनी ज्येष्ठांना मदत करते," टायवाला म्हणाला, "अडल्यानडल्याला रोख पैसे देते. नंतर त्यांची विचारपूस नको का करायला?" सिस्टरचे डोळे भरून आले. घरात बसून टीव्हीवरच्या रडक्या बायका बघून तिचं डोकं उठलं होतं. तिला कुणीतरी खरोखर आजारी हवं होतं.

फक्त एक नियम होता. विचारायचं, सल्ला द्यायचा नाही. "कायद्याची भानगड होते, मॅडम," टायवाला म्हणाला. सिस्टरला ते पटलं. फोनवरून औषध सांगणं तिलाही पसंत नव्हतं.

तिने खिडकीजवळ खुर्ची मांडली. कंपनीचा फोन कानाला, पायाखाली बुटांचं एक खोकं. म्हातारी माणसं काय एकेक बोलायची! "कशा आहात?" विचारलं की एक आजी म्हणायच्या, "आहे बाई, वरच्याला पत्ता सापडत नाहीये." एक निवृत्त ड्रायव्हर म्हणायचा, "गाडी उतारावर आहे, ब्रेक तेवढे लागतायत." संध्याकाळी ऑफिसातली मुलगी फोन करून कोण कसं आहे ते विचारायची, सिस्टर सांगायची, मुलगी "ओके, ओके" करायची. महिन्याला पगार यायचा. माणुसकीला पगार देणारी कंपनी अजून जगात आहे, असं सिस्टर शेजारणीला सांगत सुटली.

या सगळ्यांत तिचा लाडका होता एक शिंपी. मास्तर. बायको गेलेली, मूलबाळ नाही, दुकानाच्या माडीवर एक खोली, त्यात पायाचं मशीन. हृदय दुबळं झालेलं. शर्ट-पँट शिवायचं सुटलं होतं, आता तो पँटी आखूड करायचा आणि चेन बदलायचा. विमा काढला होता बायकोसाठी. ती आधी गेली. हप्ते भरता येईनात, तेव्हा या कंपनीने पॉलिसी घेऊन त्याला पैसे दिले आणि त्या पैशांतून त्याने दात बसवले, हे त्यानेच सांगितलं. "मरणाचे पैसे आले ना सिस्टर, ते खायला दात नकोत का?" असं म्हणून तो नव्या दातांनी खळखळून हसायचा.

पण हसण्याआधी त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "कसे आहात मास्तर?" विचारलं की लगेच उत्तर, "आता आपलं काही खरं नाही, सिस्टर." आणि मग पुढे गिऱ्हाइकांच्या कागाळ्या. एकजण पँट न्यायला आला, ती शिवून व्हायची होती, त्याला म्हटलं परवा नक्की. तो परवा आला, त्यालाही म्हटलं परवा नक्की. "शिंप्याचा परवा कॅलेंडरात नसतो," मास्तर म्हणायचा. सिस्टरला हसू आवरत नसे. जेवताना ती मुलाला आणि सुनेला मास्तरची नक्कल करून दाखवायची. नाकात बोलून म्हणायची, "आता आपलं काही खरं नाही!" सूनबाई हसायची. चिरंजीव घास चावायचे थांबून विचारायचे, "खरंच असं म्हणाले?"

आईच्या गोष्टी मुलगा मन लावून ऐकतो याचा तिला आनंद व्हायचा. बिचारी!

एका रविवारी दुपारी तिघं जेवत होती. चिरंजीवांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सहज विचारलं, "आई, तुझा तो शिंपी अजून आहे का गं?"

"म्हणजे काय? आहे की. चांगला आहे. काल सांगत होता, कुणाचा तरी कोट उसवलाय."

"च्च," चिरंजीव म्हणाले.

दुधाची पिशवी फाटकी निघाली की माणूस करतो ना, तसा तो आवाज. त्यात राग नव्हता की द्वेष नव्हता. नुसतं थोडं नुकसान झाल्याची चुकचुक.

सिस्टरचा हात ताटावर थांबला. "च्च कशाला?"

मुलाने हात पुसले आणि उत्साहाने समजावून सांगायला घेतलं. त्याला वाटलं आईला आवडेल. म्हातारा माणूस असतो, जन्मभर विमा भरलेला, आता हप्ते झेपत नाहीत. कंपनी त्याला रोख पैसे देते, पॉलिसी काढून घेते. पुढचे हप्ते पैसे लावणारे भरतात. तो गेला की विम्याची रक्कम पैसे लावणाऱ्यांची.

"आणि तो नाही गेला तर?"

"तर हप्ते भरत बसायचं. तोच तर धोका आहे यात. म्हणून तब्येतीची माहिती लागते."

"कोण देतं माहिती?"

चिरंजीव लाजल्यासारखे हसले. "तू."

सूनबाई वाटीतली भाजी संपवत होती. सिस्टरने विचारलं, "आणि मास्तरवर पैसे कुणाचे?"

"म्हाताऱ्यांची नावं देत नाहीत ते. पण शिंपी, एकटा, हृदय दुबळं, दात बसवलेले... मी लगेच ओळखलं. तू रोज सांगत होतीस, त्यांचं काही खरं नाही म्हणून. म्हटलं, घरबसल्या पक्की खबर आहे तर दहा जणांत थोडे थोडे कशाला टाकायचे? तुझा फंड आख्खा त्यांच्यावरच लावला."

पाहा, काय अक्कल! मराठी आईच्या पोटी जन्मलेला माणूस. 'काही खरं नाही' हे आपल्याकडे पाऊस लांबला तरी म्हणतात, बस चुकली तरी म्हणतात आणि जावई चांगला निघाला तरी म्हणतात. आणि या पठ्ठ्याने त्यावर आईचा फंड लावला. हाव सुटली की माणूस आधी आपली भाषा विसरतो.

सिस्टर उठली. बेसिनपर्यंत पोचली आणि भडाभडा ओकली. नळ सोडून ती तशीच वाकून उभी राहिली. सूनबाई मागून म्हणाली, "काय हो आई, इतकं काय झालं त्यात?" केसांच्या गुंत्याने जिला जेवण जात नव्हतं ती बाई बोटं चाटत हे विचारत होती.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते," सिस्टर तोंड पुसत म्हणाली, "तुम्ही तर जिवंत माणसाच्या टाळूवर लोणी थापून बसलायत. कधी मरतोय याची वाट बघत."

चिरंजीव तरीही चिडले नाहीत. न चिडणं हा त्यांचा गुण पहिल्यांदाच तिला असह्य झाला. "आई, नीट बघ ना. पॉलिसी बुडालीच असती त्यांची. कंपनीच्या पैशाने दात आले. कुणाचं वाईट झालं? आपण कुणाला मारतोय का? तू तर जन्मभर माणसं मरताना पाहिलीस, तुला पगार नाही मिळाला?"

"मिळाला. माणूस चालत घरी गेला तरी तोच मिळाला, आणि चादरीत गेला तरी तोच. चादरीत गेला म्हणून मी कधी गोड केलं नाही."

"पैसे काढून घे," ती पुढे म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

पण ते निघत नव्हते. मास्तर असेपर्यंत ते अडकलेले होते. मास्तर गेल्यावरच सुटणार होते.

दुसऱ्या दिवशी तिने टायवाल्याला फोन करून काम सोडते म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, भावनिक होऊ नका. तुमचा आवाज लोकांना फार आवडतो." हाच आवाज. जखम धुताना भल्याभल्या गड्यांना थोपटणारा आवाज. तो या लोकांनी गळासारखा पाण्यात सोडला होता आणि ती गळालाच माया समजत होती. त्या रात्री तिने आंघोळ करताना दोनदा साबण लावला, आणि मग स्वतःवरच चिडली. इतक्या वर्षांत एकाही पेशंटच्या घाणीसाठी कधी दोनदा साबण लागला नव्हता.

महिना भरेपर्यंत फोन करणं भाग होतं. खरं तर मास्तरला टाकून देववेना, म्हणून तिने तेवढा महिना धरून ठेवला. पुढच्या सोमवारी दुपारी तिने त्याला फोन लावला. चिरंजीव तापाने घरी होते, बाहेरच्या खोलीत पडून वर्तमानपत्र वाचत होते.

"कसे आहात मास्तर?"

"एकदम... ठणठणीत," मास्तर म्हणाला. "काही... काळजी नको."

सिस्टर खुर्चीतून उठली. दोन शब्दांच्या मधे तो श्वास घेत होता. पण तेही नंतरचं. या माणसाने इतक्या दिवसांत कधी स्वतःला ठणठणीत म्हटलं नव्हतं. खरं नाही, खरं नाही म्हणणारी माणसं घरी जातात. सकाळी डॉक्टरांना हसून "मस्त आहे" म्हणणाऱ्याची खाट संध्याकाळी रिकामी होते, हे तिने फार वेळा पाहिलं होतं.

"मास्तर, रात्री झोपता कसे?"

"खुर्चीत. आडवं झालं की... बुडाल्यासारखं होतं."

"पाय?"

"मोजे रुततात. माझेच मोजे... मलाच होईनात." तो हसायला गेला आणि खोकला.

"गोळी बंद केलीत ना, लघवीची?"

तो म्हणाला, "संडास खाली आहे, सिस्टर. किती वेळा... उतरणार?"

"मी येते. दार उघडं ठेवा." नियम गेला खड्ड्यात.

तिने कंपनीच्या यादीतला पत्ता उतरवून घेतला आणि पिशवी उचलली. बाहेरच्या खोलीत चिरंजीव पालथं वर्तमानपत्र पोटावर ठेवून उठून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मास्तर का?" त्यांनी विचारलं. मग थोडं थांबून, खाली बघून म्हणाले, "ऊन किती आहे बघ. उद्या जा ना."

एवढंच. जाऊ नको म्हणाले नाहीत. मरू दे म्हणाले नाहीत. उद्या जा म्हणाले. सिस्टरने मुलाकडे बघितलं. लहानपणी गोवर आला होता तेव्हा जो चेहरा तिने रात्रंदिवस ओल्या फडक्याने पुसला होता तोच हा चेहरा, तापाने लालसर झालेला, आणि त्यावर एक अगदी बारीक आशा. तिला त्याची इतकी शिसारी आली की उंबरठा ओलांडताना तिने अंग चोरलं, त्याला चुकूनही स्पर्श होऊ नये म्हणून.

मास्तरची खोली जिना चढल्यावर समोरच. दार उघडं. खिडकीशी खुर्ची, त्यात तो बसलेला, दोन्ही हात मशीनच्या फळीवर टेकून, गळ्यात मापाची पट्टी. पाय सुजून गुळगुळीत झालेले. खिळ्याला एक कोट, खांद्यावर पांढऱ्या खडूची रेघ. टेबलावर कपात दात.

"सिस्टर? आवाजावरून... जाड वाटला होतात," तो बोळक्या तोंडाने म्हणाला.

"माप नंतर घ्या. चला."

तिने दात धुऊन त्याच्या तोंडात बसवले, खालच्या दुकानदाराला हाक मारली, दोघांनी मिळून त्याला खुर्चीसकट खाली आणलं. टॅक्सीत तिने त्याचं मनगट हातात धरून ठेवलं. हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, नळी घातली. संध्याकाळपर्यंत पिशवी भरली आणि मास्तरचं वाक्य अखंड यायला लागलं. सिस्टर खाटेपाशी स्टुलावर बसली होती. लघवीची पिशवी अशी भरलेली बघून तिला जितकं बरं वाटलं तितकं गेल्या कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"कंपनीने पाठवलं का तुम्हाला?" मास्तरने विचारलं.

"नाही."

"तरीच. त्यांचं नुकसान झालं आज."

"तुम्हाला माहीत आहे?"

"सही करायच्या आधी वाचलं होतं की. मी मेलो की त्यांना पैसे. सरळ आहे व्यवहार. म्हणून तर दर वेळी सांगायचो, आपलं काही खरं नाही. लोकांनी पैसे लावलेत, त्यांना जरा धीर नको का द्यायला? जन्मभर गिऱ्हाइकाला तेच सांगितलं. आज नाही, परवा नक्की. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि आपल्याला दोन दिवस मिळतात."

"मग आज ठणठणीत कशाला म्हणालात?"

मास्तर छताकडे बघत राहिला. "आज माल खरंच तयार होता, सिस्टर. घाबरलो. म्हटलं, तुम्ही तिकडे सांगाल आणि कुणीतरी अनोळखी माणूस घरात बसून खूश होईल. दुसऱ्याच्या खुशीत मरायचं म्हणजे... नको वाटलं."

सिस्टरच्या बोटांखाली त्याची नाडी चालली होती. ती सोडावी की धरावी तिला कळेना. "अनोळखी नाही," ती शेवटी म्हणाली. "माझा मुलगा आहे. आणि पैसे माझे आहेत. मी तुमच्या नकला करायचे जेवताना, त्यावरून त्याने लावले."

तिला वाटलं, हा आता हात काढून घेईल. काढून घ्यायलाच हवा होता. मास्तरने डोळे मिटले. मग म्हणाला, "नक्कल चांगली जमायची का?"

तिने मान हलवली. स्वतःच्या हातांची अशी किळस तिला कधी आली नव्हती, आणि त्याच हातांनी तिने त्याची उशी नीट केली, कारण दुसरे हात तिच्याकडे नव्हते.

मास्तर घरी आला. सिस्टरने कंपनीचं काम सोडलं, पण मास्तरकडे ती एक दिवसाआड जाऊ लागली. खोलीत पॉट ठेवला, तोही ती स्वतः रिकामा करायची. आपल्यासमोर गोळी गिळायला लावायची. गुंतवणूक बुडावी म्हणून मालकीण स्वतः औषध पाजायला जाते, असा प्रकार टायवाल्याच्या सगळ्या कारकिर्दीत झाला नसेल. हप्ते तिच्याच पेन्शनमधून जात होते. हप्ता गेला की ती मास्तरला फोन करून सांगायची, "आणखी एक गेला तुमच्या नावाने," आणि मास्तर म्हणायचा, "आता आपलं काही खरं नाही." दोघं हसायची.

घरात मात्र तिने मुलाच्या हातचा चहा घेणं सोडलं होतं. भांडण नव्हतं. तो पेला ठेवायचा, ती निवू द्यायची. चिरंजीवांना वाईट वाटत होतं, हेही खरं. हप्त्यांनी आईची ओढाताण होते हे त्यांना दिसत होतं. त्यावर विचार करून करून त्यांनी एक उपाय काढला, आणि एका सकाळी, अगदी मायेने, तिच्याजवळ येऊन बसले.

"आई, तुझी ती जुनी पॉलिसी आहे ना? तिचेही हप्ते भरतेस. जड जातं तुला. मी बोललो सल्लागाराशी. तुझ्या वयाला चांगला भाव देतील म्हणाला. हातात पैसे येतील, मास्तरचे हप्ते त्यातून भर."

सिस्टरने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या डोळ्यांत खोट नव्हती. हेच सगळ्यांत घाणेरडं होतं. जखमेत घाण असली तर धुता येते. इथे जखमच नव्हती, कातडी आतपर्यंत तशीच होती.

"मग मला फोन कोण करेल?" तिने विचारलं.

"फोन? हां, ते ठेवतील कुणीतरी. चांगली बाई बघून," चिरंजीव म्हणाले.

तिने उठून पलंगाखालची बुटांची खोकी एकेक करून बाहेर काढली, जिन्याखाली नेऊन ठेवली, आणि कित्येक दिवसांनी पलंगाखालून झाडू मारला. धुळीने म्हणा, कशाने म्हणा, तिला खोकला लागला. दुपारपर्यंत अंग तापलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

चिरंजीव दुकानातून लवकर आले. चप्पल सरळ लावली. आईजवळ येऊन, हळूच, तिच्या कपाळावर हात ठेवला. हात थंड होता आणि चांगला लागत होता. एकेकाळी तिनेच शिकवलं होतं त्याला, ताप पालथ्या हाताने बघायचा. त्याने पालथ्याच हाताने बघितला.

"आई," त्याने विचारलं, "तब्येत कशी आहे?"

हा प्रश्न जन्मभर तिने लोकांना विचारला होता. आता तो तिच्या कपाळावर ठेवलेला होता, आणि तो कोण विचारतंय, मुलगा की गिऱ्हाईक, हे तिला ओळखू येईना. तिने खूप कान देऊन पाहिलं. नाहीच आलं.

"परवा नक्की," सिस्टर भिंतीकडे बघत म्हणाली.